भिंगआत्याचे निळे हात

भिंगआत्याने छत्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासल्या. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलायचे आणि मागे आत्या फिरत्या चाकाला काच लावून तिला फ्रेमच्या मापात आणायची. शहरातल्या कितीतरी लोकांना समोरून येणाऱ्या बसवरची पाटी आत्यामुळे वाचता येत होती, पण त्यांतल्या एकालाही आत्या ठाऊक नव्हती. याचं तिला काही वाईट वाटत नसे, कारण तिलाही ते ठाऊक नसत. तिच्या लक्षात चेहरे राहायचे नाहीत, नंबर राहायचे. जिन्यात कोणी भेटलं की त्याचा चष्मा पाहून, 'बरे आहात ना' म्हणायच्या आधी, तिच्या मनात 'डावा उणे अडीच, उजवा उणे तीन' असं यायचं आणि मग ती त्या माणसाकडे ओळखीचं हसायची.

पुढे दुकानात काच आपली आपणच कापणारं यंत्र आलं. आत्याने त्याच्याकडे दोन दिवस टक लावून पाहिलं, ते आपल्यापेक्षा सरळ कापतं हे मान्य केलं आणि घरी बसायचं ठरवलं. निरोपाच्या दिवशी मालकांनी तिला एक भलामोठा पुठ्ठ्याचा डबा दिला. लोकांनी करायला टाकलेल्या आणि पुन्हा कधीच न्यायला न आलेल्या चष्म्यांच्या काचा त्यात होत्या.

आत्या राहायची धाकट्या भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर. भाऊ पंचावन्न वर्षांचा होता, पण ती त्याला अजून बाळ्याच म्हणायची. बाळ्या बस डेपोत वेळापत्रकं तयार करायचा, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीलाही त्याने वेळ लावून दिली होती. आंघोळ आठ वाजून दहा मिनिटं. चहा आठ पस्तीस. भावजय शाळेत शिवणकाम शिकवायची आणि हे वेळापत्रक पाळायचं की नाही ते रोज त्या दिवसापुरतं ठरवायची.

एका दुपारी आत्या डबा घेऊन बसली होती. खिडकी बंद होती, फक्त एका झापेला सुपारीएवढं भोक होतं. तिने सहज त्यापुढे एक पातळ काच धरली, अधिक पाव नंबरची, आणि समोरच्या भिंतीवर पलीकडची अख्खी इमारत उलटी उभी राहिली. गच्ची खाली, दार वर. चौथ्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालत होती आणि ते कपडे दोरीवरून वर आभाळाकडे लोंबत होते. आत्याचा हात भरून आला तरी तिने काच खाली ठेवली नाही. ऊन सरकलं, चित्र फिकट झालं, तेव्हा ती उठली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मला हे भिंतीवरून उचलून घ्यायचंय."

बाळ्याला वाटलं कपाट. "एकटी उचलू नकोस ताई, कंबर धरेल," तो म्हणाला.

सगळं सांगितल्यावर त्याने आपला मोबाइल पुढे केला. "यात फोटो काढ की. एका बोटाचं काम."

"यात काढला तर तो याने काढला," आत्या म्हणाली. "मी काय केलं? बोट लावलं."

मग आत्या चित्रकलेच्या महाविद्यालयातल्या, जुन्या पद्धतीने फोटो काढायला शिकवणाऱ्या एका वर्गाला जाऊ लागली. तीन शनिवारांचा वर्ग होता. तिथे सगळे विशीतले, आणि आत्या त्यांच्या शिक्षिकेपेक्षाही बारा वर्षांनी मोठी. पण काच हातात घेऊन तिची पुढची बाजू कुठली ते ओळखायची वेळ आली की सगळे आत्याकडे यायचे. तिसऱ्या शनिवारी ती घरी आली ती एका बंद पडलेल्या स्टुडिओतले फोटोच्या कागदाचे जुने गठ्ठे आणि फोटो धुवायच्या औषधांच्या पाच बाटल्या घेऊन. त्याच संध्याकाळी भावजयीच्या नव्या मिक्सरचं खोकं नाहीसं झालं.

रीत तशी सोपी होती. खोक्याच्या एका तोंडाला भिंग, त्यापुढे बारीक भोक पाडलेला पुठ्ठा, आणि आत मागच्या बाजूला फोटोचा कागद. खोकं समोर ठेवायचं, झाकण काढायचं आणि वाट बघायची. कागद इतका जुना होता, की त्याला काही दिसायलाच दीड मिनिट लागायचं. मग तो बाथरूममध्ये लाल दिव्याखाली औषधात बुडवला की सगळं जग उलट्या रंगात उमटायचं: आभाळ काळं, केस पांढरे, दात कोळशासारखे. ही झाली कागदाची निगेटिव्ह. तिच्या पाठीला तेल चोळायचं, म्हणजे तिच्यातून उजेड आरपार जातो. दुसऱ्या एका साध्या कागदाला लोखंडाच्या क्षारांचं पाणी ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि तासभर उन्हात. शेवटी नळाखाली धुतलं की खरा फोटो तयार, निळाशार.

हे क्षारांचं पाणी लावताना पिवळट दिसतं, कपड्यावर पडलं तर कळतही नाही. ऊन लागलं की निळं होतं. वर्गातल्या शिक्षिकेने हे तीनदा सांगितलं होतं. आत्याने ते वहीत लिहून घेतलं होतं, आणि वही नीट कपाटात ठेवली होती.

पहिले पंधरा दिवस घराला नाकीनऊ आले. आठ वाजून दहा मिनिटांनी बाळ्या खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी उभा असायचा आणि आतून आवाज यायचा, "दार उघडू नको, आभाळ येतंय."

"किती वेळ लागेल आभाळाला?"

"बाल्कनी आलीय. थांब जरा."

तेलाचा डबा महिन्याऐवजी आठवड्यात संपला. बाळ्याला डेपोत मिळालेल्या एकमेव प्रशस्तिपत्रकाच्या फ्रेममधली काच आत्याने काढून घेतली, कारण ती मापाची होती. पहिला माणसाचा फोटोही बाळ्याचाच निघाला. त्याला खुर्चीत बसवून आत्याने सांगितलं, "दीड मिनिट हलायचं नाही." बाळ्या हलला नाही, फक्त दीड मिनिट झालं का हे बघायला त्याने चार वेळा मनगट वर केलं. फोटोत खुर्ची नीट आली, डोकं पुसट आणि डाव्या बाजूला हातांचा पिसारा.

भावजयीने तो बराच वेळ पाहिला. "चेहरा नाही आला नीट," ती म्हणाली, "पण स्वभाव आलाय."

इमारतीच्या समितीचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहायचे. रंगाचं दुकान होतं त्यांचं, आणि बोलणं नोटिशीसारखं. एका सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर आले ते तक्रार घेऊन: सांडपाण्याच्या पाइपातून निळं पाणी येतं, तरी संबंधितांनी खुलासा करावा. संबंधित बाथरूममध्ये होत्या. अध्यक्ष बाहेर थांबले, भिंतीकडे वळले आणि आणखी जवळ गेले. भिंतीवर त्यांचीच इमारत होती. आत्याने ती समोरच्या गच्चीवरून काढली होती, आणि इमारती हलत नाहीत, त्यामुळे खिडकी अन् खिडकी, गजांवरचा गंजसुद्धा, सगळं लख्ख आलं होतं.

आत्या हात पुसत बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "ही आपलीच का?"

"आपलीच."

"पंचवीस वर्षांत इतकी चांगली कधी दिसली नाही." त्यांनी घसा साफ केला. इमारतीला पुढच्या महिन्यात पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. सर्व रहिवाशांचा एक सामुदायिक फोटो याच पद्धतीने काढून खालच्या जिन्यापाशी लावावा, असा ठराव त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मांडला आणि पास केला. पाइपाचा विषय राहून गेला.

"पण दीड मिनिट स्तब्ध राहावं लागेल सगळ्यांना," आत्या म्हणाली. "आणि या कागदाला लाल रंग काळा दिसतो. कपडे फिके घाला."

"माझ्या माणसांना शिस्त आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली: रविवार, सकाळी अकरा, गच्ची, सर्वांनी पांढरे कपडे परिधान करावेत.

रविवारी आत्या पहाटेपासून उठली होती. फोटो दुपारीच छापून सगळ्यांना दाखवायचा असं तिच्या मनात होतं, म्हणून निघायच्या आधी तिने चार कागदांना पिवळं पाणी लावलं. शेवटच्या कागदाला बाटली कलंडली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत भिजले. वरून बाळ्याच्या हाका सुरू झाल्या होत्या, अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. तिने हात फडक्याला पुसले. स्वच्छ दिसले. जरा चिकट होते एवढंच. मिक्सरचं खोकं काखेत मारून ती गच्चीवर पोचली.

तेवीस माणसं पांढरीशुभ्र होऊन काळ्या पाण्याच्या टाकीपुढे उभी होती, पण कशीही. आत्याने आयुष्यभर काचा दोन बोटांनी धरून फ्रेममध्ये सरळ बसवल्या होत्या. तोंडाने सांगत बसण्यापेक्षा माणूस धरून हवा तिथे ठेवावा, ही तिची पद्धत. तिने तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरना दोन्ही खांदे धरून तिरकं केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याला कमरेला धरून त्याच्या बायकोजवळ सरकवलं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा पूर्ण टकले होते आणि ऊन त्यावरून थेट भिंगात येत होतं. त्यांचं डोकं तिने दिव्याचा गोळा फिरवावा तसं वरून धरून फिरवलं. अध्यक्ष अंमळ पोक काढून उभे होते. त्यांच्या पाठीच्या बरोबर मधोमध तळवा ठेवून तिने दाबलं आणि म्हणाली, "ताठ."

मग तिने भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला लागली.

माणसं खरोखरच स्तब्ध राहिली. आजोबांनी तर श्वासही धरला होता. पण पंधरावर अध्यक्ष तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले, "कोणी हलू नका." तिसावर ते उजवीकडे वळून पाहून आले, कोणी हलत तर नाही. पन्नासावर डावीकडे. सत्तरावर त्यांनी मागच्या रांगेला मान हलवून शाबासकी दिली. नव्वदला आत्याने झाकण लावलं. आत एकच कागद होता.

फोटो झाला की सगळे खाली जाणार होते, पण अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. इमारतीचा इतिहास होता, पायापासून. गच्चीवर रणरणतं ऊन. पायाचं काम संपून पहिला मजला येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग टाकी कधी बसली हे दाखवायला अध्यक्ष टाकीकडे वळले आणि लोकांना त्यांची पाठ दिसली.

पाठीवर एक हात होता. पाची बोटं पसरलेला, निळा, तळव्यावरच्या रेघांसकट.

डॉक्टरांना ठसका लागला, म्हणून लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या दोन्ही खांद्यांवर एकेक हात, जणू मागे कोणी उभं आहे. बँकवाल्याच्या बायकोने ते पाहिलं आणि मग तिने नवऱ्याच्या कमरेकडे पाहिलं.

"हा हात कोणाचा?" तिने विचारलं.

"कुठला हात?"

"कमरेवरचा. बाईचा आहे. बोटं लहान आहेत."

बँकवाल्याने मान वळवून पाहिलं, दिसेना, म्हणून तो गोल फिरला आणि हातही त्याच्याबरोबर गोल फिरला. आजोबांच्या टकलावर तोवर पाच निळी बोटं उमलत होती. त्यांच्या सुनेने पदार्थ तपासावा तसं बोट लावून पाहिलं. "बाबा, काही दुखतंय का?" आजोबा म्हणाले की मघाशी श्वास धरला होता, त्याने झालं असेल.

अध्यक्ष अजून पाण्याच्या जोडणीवर होते. हशा का होतोय हे त्यांना कळेना. त्या परिच्छेदात विनोद नव्हता.

आत्याला आता वही आठवली. ती चांगली दहा मिनिटं हात पाठीमागे घेऊन उभी होती. मग बँकवाल्याच्या बायकोने एकेका बाईचा हात मागून नवऱ्याच्या कमरेला लावून बघायला सुरुवात केली, तेव्हा आत्याला राहवेना. तिने दोन्ही हात वर केले. ते मनगटापर्यंत निळे झाले होते.

"माझे आहेत," ती म्हणाली. "सगळीकडे माझेच आहेत."

बँकवाल्याने सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला, की त्याच्या बायकोला पुन्हा नवीन शंका आली.

गच्चीवरून लोक पांगायच्या आत भावजय पुढे आली. तिच्या घरातले टॉवेल, उशा आणि एक पडदा आधीच निळे होऊन गेले होते, तेव्हा या विषयात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "साबण लावू नका," तिने बजावलं. "मला आणून द्या." दोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी घरी जाऊन कपडे साबणात घातले, त्याबरोबर निळे हात पिवळे झाले, तेही असे पिवळे, की कोणाला समजावून सांगता येणार नाही. सोमवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर शर्टांचा ढीग पडला. भावजयीने पिशवीभर लिंबं आणली, एकेका हातावर पिळली, पाच-पाच बोटं मोजून चोळली आणि शर्ट उन्हापासून लांब वाळत घातले. आत्या शेजारी बसून लिंबं कापत होती.

"ताई," भावजय म्हणाली, "पुढच्या वेळी हातमोजे घाला. आणि त्या बँकवाल्याला तोंडाने सांगा सरकायला."

"सांगून सरकला नसता."

"तेही खरंय."

आजोबांच्या टकलावरचा डाग मात्र त्यांनी काढू दिला नाही. चार दिवस ते टोपी न घालता फिरले.

या सगळ्यात निगेटिव्हकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मंगळवारी आत्याने ती लाल दिव्याखाली औषधात सोडली आणि एकेक माणूस वर येऊ लागला. बावीस माणसं अगदी रेखीव. तेविसाव्याचा शर्ट रेखीव, बटणं मोजून घ्यावीत इतकी. कॉलरच्या वर धूर.

आत्याने कपाळाला हात लावला. आता हात कोरडे होते. पुन्हा सगळ्यांना गच्चीवर बोलवायची सोय नव्हती. पण कागदाच्या निगेटिव्हचं एक बरं असतं, तिच्या पाठीवर पेन्सिल चालते. जिथे पेन्सिल फिरवावी तिथे छापताना उजेड अडतो आणि फोटोत तो भाग पांढरा येतो. मागे काळी टाकी होतीच. आत्याने पेन्सिलीला टोक केलं आणि खिडकीच्या काचेला निगेटिव्ह चिकटवून अध्यक्षांचं डोकं काढायला घेतलं.

पहिल्या खेपेला तिने चेहरा हलका रंगवला आणि मिशा दाट, गर्द पेन्सिलीने. छापून पाहिलं तर अध्यक्षांच्या मिशा कापसासारख्या पांढऱ्या. ती स्वतःशीच हसली, पेन्सिल खोडली आणि पुन्हा बसली. आता चेहरा रंगवला आणि मिशांची जागा कोरी सोडली. मिशा गर्द निळ्या आल्या. चष्मा तर असा आला, की बघत राहावं: तो तिनेच घासलेला होता, उजवा अधिक दोन, डावा अधिक दीड, सोनेरी काडी. फक्त चष्म्याच्या मागे कोण आहे हे तिला आठवेना. नाक कसं होतं? हनुवटी होती का? तिने समोर बसून चहा पिणाऱ्या बाळ्याकडे दोन-तीनदा पाहिलं आणि काम पुरं केलं.

फोटो जिन्यापाशी लागला, त्या दिवशी अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे उभे राहून तो बघत होते. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हा मी नाही," ते म्हणाले.

"चष्मा तुमचाच आहे," आत्या म्हणाली.

"चष्मा माझा. आतला माणूस कोण?"

डॉक्टरांनी जवळ जाऊन पाहिलं. मग त्यांनी फोटोतल्या मागच्या रांगेतल्या बाळ्याकडे बोट दाखवलं, मग पुढच्या रांगेतल्या अध्यक्षांकडे, आणि बाजूला झाले. बाळ्या इमारतीच्या फोटोत दोनदा होता, एकदा मिशा नसलेला, एकदा मिशावाला. बाळ्याला ते फारसं वावगं वाटलं नाही.

निर्णय दिला तो अध्यक्षांच्या पत्नीने. त्या शांत बाई, पंचवीस वर्षांत कोणाशी वाद म्हणून नाही. त्यांनी फोटो दोन्ही बाजूंनी पाहिला. "राहू दे तो," त्या म्हणाल्या. "तोंड मिटलेलं छान दिसतं."

अध्यक्षांनी नोटीस काढली नाही, पण तीन दिवस ते जिन्याऐवजी मागच्या दाराने ये-जा करत होते. चौथ्या दिवशी ते आत्याकडे आले. खुर्चीत बसले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले.

"एकट्याचा निघेल का?" त्यांनी शेवटी विचारलं. "खरा. माझा मी."

"निघेल. पण डोकं हलतं तुमचं."

"सवय आहे. समोर माणसं दिसली की बघावं लागतं."

आत्याने विचार केला. पूर्वीच्या काळी फोटो काढताना मानेच्या मागे लोखंडी चिमटा लावायचे, हे तिने वर्गात ऐकलं होतं. चिमटा तिच्याकडे नव्हता, पण तळमजल्यावर डॉक्टर होते, आणि डॉक्टरांकडे डोकं घट्ट धरून ठेवणारी खुर्ची होती. डॉक्टर लगेच हो म्हणाले. मोठ्या खिडकीपाशी खुर्ची वळवली, अध्यक्षांना तिच्यात बसवलं, मानेमागची उशी दोन्ही बाजूंनी आवळली. आत्याने हातमोजे घातले होते. तिने अध्यक्षांचा चष्मा दोन बोटांनी सरळ केला, खोक्याकडे गेली आणि झाकण काढलं.

अध्यक्ष नव्वद सेकंद केसभरही हलले नाहीत. फोटो इतका रेखीव आला, की मिशीचा केस अन् केस मोजता यावा, आणि चष्म्यात खिडकीचे चारही चौकोन दिसत होते. फक्त त्या खुर्चीत बसून मान मागे टेकली की जे आपोआप होतं ते झालं होतं. अध्यक्षांनी पहिल्या सेकंदाला आ वासला तो नव्वदाव्या सेकंदापर्यंत तसाच ठेवला.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला. "खालची डावीकडची दाढ किडलीय," ते म्हणाले. "इतकी स्पष्ट माझ्या आरशातही दिसली नसती. तुम्ही माझ्याकडे मंगळवारी-गुरुवारी येत जाल का?"

आत्या तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी मिक्सरचं खोकं घेऊन तळमजल्यावर जाते. बाळ्याला त्या दोन दिवशी बाथरूम वेळेवर मिळतं. शहरातले बरेच दात तिने आतापर्यंत निळे करून ठेवलेत, आणि जिन्यात कोणी भेटलं की 'बरे आहात ना' म्हणायच्या आधी ती आता जरा त्या माणसाच्या तोंडाकडे बघते, ते बोलायला उघडतंय का याची वाट पाहत.